टेपेवर नंतर काय भरलं

आमच्या रेडिओ केंद्रात माहिती अधिकाराचे अर्ज माझ्या टेबलावर येतात. नाटे गावचे एक आजोबा दर महिन्याला पहिल्या एसटीने येत, चपला दाराशी काढत आणि अर्ज दोन्ही हातांनी पुढे करत. त्यांच्या बायकोने कधीकाळी इथे ओव्या गायल्या होत्या, त्यांची प्रत त्यांना हवी होती. ती टेप पुसून पुन्हा वापरली, असं मी शेवटी लेखी कळवलं. तेव्हा तशीच पद्धत होती.

ते रागावले नाहीत. "मग त्या टेपेवर नंतर काय भरलंत, ते तरी ऐकव गो बाय."

आंब्यावरच्या तुडतुड्यांबद्दल कुणा साहेबांचं भाषण होतं. ते त्यांनी डोळे मिटून पुरतं ऐकलं.

"मधी तो माणूस थांबतो ना," ते म्हणाले, "तिथं जरा आवाज वाढव."