वाळत घातलेले पाइप

अग्निशमन केंद्राच्या मनोऱ्यावरून पाण्याचे लांब पाइप वाळत सोडलेले असतात. काल त्यांतल्या एकावर ठिगळं दिसली आणि मला पुढे जाववेना.

विमा कंपनीसाठी मी जळालेल्या मालाची पाहणी करायचो. एका आगीत कापडाच्या गोदामातले निम्मे तागे वाचले होते. चिंब भिजलेला जवान हसत म्हणाला, "पाइप फाटका हो, साहेब. अर्धं पाणी आगीला, अर्धं आम्हाला! तेवढं लिहा की तुमच्या कागदात."

मी लिहिलंही, की जवानांनी फाटक्या पाइपानं माल वाचवला. वरिष्ठ म्हणाले, "खोडा ते. उद्या हे लोक पाइपाचे पैसे आपल्याकडे मागतील." मी खोडलं. माल वाचला तो मांडणी चांगली होती म्हणून, असं लिहिलं.

मागितले असते तर काय चुकलं असतं? वाचलेल्या प्रत्येक ताग्यामागे पैसे कंपनीचेच वाचत होते. हे तेव्हाही कळत होतं. बोललो नाही, एवढंच.

"काका, काही हवंय का?" केंद्राच्या दारातल्या जवानानं विचारलं.

"नाही," म्हणालो, आणि तरी तिथेच घुटमळलो. ठिगळातून पाणी ठिबकत होतं.

"तुमच्या साहेबांना भेटायचंय," शेवटी म्हणालो. "एक जुना कागद मी खोटा लिहिलाय."