पाय धुऊन आलेले बाराजण

पुण्याहून नाशिकला निघाले तेव्हा मनात भक्ती कमी आणि टवाळी करायची हौस जास्त होती. माझ्या मामेभावाने, दाविददादाने, फोनवर फर्मानच काढलं होतं, "रूथ, या दुःखसप्ताहात (ईस्टरच्या आधीचा आठवडा) आमच्याकडे ये. खरी ख्रिस्ती प्रीती कशी असते ते बघ." दादा नाशिकरोडच्या त्यांच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सेक्रेटरी. कडक इस्त्रीचा सफारी, खिशाला दोन पेनं आणि सगळ्या जगाला सूचना देण्याचा मक्ता. खरी प्रीती बघायला एसटीचं तिकीट काढावं लागतं, हे मला त्याच्याकडूनच कळलं.

गाडी सिन्नरला थांबली. स्टँडसमोर मिसळ खाल्ली. तर्री (वरचा झणझणीत तेलकट रस्सा) इतकी जहाल, की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्या आठवड्यात मी ढाळलेले पश्चात्तापाचे अश्रू एवढेच. पुढे फ्लॉवरची शेतं, कारखान्यांच्या शेड, आणि मग लांबून एकलहऱ्याच्या वीज केंद्राची धुरांडी दिसू लागली. स्टँडवर दादा हजर होता आणि माझी बॅग उचलण्याआधी त्याने ती भरण्यात माझं काय चुकलं ते सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळी चर्चला गेलो. येशूने शेवटच्या रात्री शिष्यांचे धुळीने भरलेले पाय धुतले, त्याची आठवण म्हणून या दिवशी बाराजणांना पुढे खुर्च्यांवर बसवतात आणि पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) गुडघे टेकून त्यांचे पाय धुतात. उपासना सुरू व्हायच्या आधीच दारात एक म्हातारे गृहस्थ बायकोच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. एक पाय घोट्यापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला. हे योहानकाका, वीज केंद्रातून निवृत्त झालेले. साखरेच्या आजाराने पायाची जखम चिघळली होती.

"दाविद, सोमवारी पाय कापनार हायेत माझा," ते म्हणाले. "त्याच्याआधी एकदा मला त्या खुर्चीवर बसू दे. लय वर्सं बाकावरून बघितलं."

"नाही काका," दादा म्हणाला. "कमिटीत ठरलंय. बाकावर बसा. नंतर शाल घालून सत्कार करू."

"शाल काय पायाला गुंडाळू?"

दादाने मान फिरवली. काका-काकू आल्या रिक्षाने परत गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग तो सोहळा झाला. धूळ औषधालाही नव्हती. बाराही जण घरून पाय घासून, नखं कापून, पावडर लावून आले होते. एकाने तर मोज्यांवर अत्तर शिंपडलं होतं. पाळकसाहेबांनी पितळी परातीत प्रत्येकाच्या अंगठ्यावर थोडं कोमट पाणी सोडलं, नव्या टॉवेलने टिपलं आणि दर वेळी फोटोवाल्याकडे बघितलं. परातीतलं पाणी शेवटपर्यंत इतकं स्वच्छ राहिलं, की त्याचा चहा करता आला असता.

रात्री जेवताना मी दादाला सोडलं नाही. "तुमच्या प्रीतीला जखमेचा वास सोसत नाही वाटतं?"

"तुला नाही कळायचं," तो म्हणाला. "भाकरी घे."

गुड फ्रायडेला सकाळी उठले तेव्हा दादा बाहेर गेला होता. गेला असेल खुर्च्या मोजायला, म्हटलं. तुम्हाला जमत नसेल ती प्रीती मीच करून दाखवते, अशा तोऱ्यात मी एकलहऱ्याला योहानकाकांच्या घरी निघाले. वाटेत चांगली गोड द्राक्षं घेतली. साखरेचा आजार असलेल्या माणसाला द्राक्षं! ते दारात पोचल्यावर लक्षात आलं.

दार उघडंच होतं. सफारीचा शर्ट खिळ्याला लटकत होता. दादा बनियनवर जमिनीवर बसला होता आणि योहानकाकांचा पाय त्याच्या मांडीवर होता.

"हलू नका म्हटलं ना! किती वेळा सांगायचं?" तोच आवाज, तोच तोरा.

"तू बोलू नको माझ्याशी," काका म्हणाले.

काकू मला बाजूला घेऊन कुजबुजल्या, "पट्टी बदलायला रोज येतो. माझा हात थरथरतो ना. तोंड वाकडं करतो, वरडतो, पन येतो."

"दादा, कुणाला बोलला नाहीस ते?" मी विचारलं.

"बोर्ड लावू का दाराला?"

"मग काल खुर्चीवर का नाही बसू दिलंस?"

तो पट्टी सोडवत राहिला. "सगळ्यांसमोर पट्टी सोडली असती, की अख्खं चर्च नाकाला रुमाल लावून बसलं असतं. काकांनी ते बघायला नको."

"बघितलं असतं मी!" काका ओरडले. "पाय माझा हाय. तू कोन ठरवनार? ज्याला वास येईल त्यो जाईल उठून. मला बसायचं होतं."

 काकांचंच खरं, असं मी ठासून सांगितलं, प्रीतीवर दोन वाक्यंही ऐकवली.

"उभी काय राहिलीस? पाणी ओत," दादा म्हणाला.

मी तांब्या उचलला. त्याने पट्टीचा शेवटचा पदर सोडला. वास असा अंगावर आला, की माझ्या नकळत ओढणीचं टोक नाकावर गेलं.

काका माझ्याकडेच बघत होते. मी ओढणी झटकन खाली घेतली, पण तोवर त्यांनी नजर भिंतीकडे वळवली होती.

"बरं केलंस दाविद," ते हळूच म्हणाले. "काल नाय बसवलंस ते बरंच केलंस."

पाय धुऊन होईपर्यंत मी पाणी ओतत राहिले.

शनिवारी परत निघाले. सिन्नरला गाडी थांबली, पण मी उतरले नाही. त्या पावडर लावलेल्या बाराजणांचं मला अजूनही हसू येतं, आणि फोटोवाल्याकडे बघणाऱ्या पाळकसाहेबांचं तर फारच. ते मी मागे घेणार नाही. पण कमिटीने नाही म्हटलं तरी योहानकाका खुर्चीसाठी भांडत होते. माझी ओढणी बघितली आणि त्यांनी भांडणं सोडलं.