खुनाच्या पुस्तकांत चौकशी तरी होते

"मावशी, या विलायती खुनांच्या गोष्टींत काय मिळतं गं तुम्हाला? टाईमपास छे बधुं!" मोबाईलमधून डोकं वर न काढता भाचा म्हणाला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, शेजारीच बसली होती. बाप जाऊन वर्ष झालेल्या पोराला तिच्यादेखत काय बोलणार? दात-ओठ खाऊन पान उलटलं.

आम्ही दोघी सुरतेत, गोडादऱ्यात एकाच गल्लीत राहतो आणि साड्यांचे लोंबणारे धागे कापतो. मार्केटमधून गठ्ठा येतो, दुपारी तिच्या ओट्यावर बसायचं आणि कात्री चालवायची. ताईला वाचनाचा आळस, पण ऐकायचा भारी नाद. म्हणून माझ्या वाटणीच्या साड्यांचे धागेही तीच कापते आणि मी मोठ्यानं वाचते. रद्दीवाल्याकडून आणलेली जुनी भाषांतरं. सगळ्यांत एकच तऱ्हा. लहानसं गाव, पावसात अडकलेले पाहुणे, एक जण मेलेला, आणि मारणारा त्याच घरात जेवतोय. रक्त फार नाही, आरडाओरडा नाही. एवढे खून ऐकूनही ताईला झोप छान लागायची. "व माय, तो माळीच असंल!" म्हणायची, आणि माळी कधीच नसायचा.

मग दाजी गेले. ताईचे यजमान, लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, कारीगर. करंट लागला. ओल्या हातानं मोटर धरली, असं शेठच्या माणसानं घरी येऊन सांगितलं. आम्हीही डोकं हलवलं. ओला हात, नशीब, संपलं!

आता आमच्या लोकांचं शहाणपण ऐका. खानदेशी माणूस सुरतेत कुठंही मरो, माती गावातच व्हायला हवी. दिवस मावळायच्या आत पोचायला हवं, भाऊबंद खोळंबलेत, हीच सगळ्यांना घाई. शेठचा माणूस म्हणाला, "पोलिसात गेलात तर चिरफाड होईल, बॉडी कधी मिळेल सांगता येत नाही." आणि दारात गाडी उभी. बर्फ, फुलं, हार, सगळं शेठकडून. आमच्या घरातल्या थोरल्यांनी त्या माणसापुढे हात जोडले. हात! जोडायचे होते की गचांडी धरायची होती? कडोदरा गेलं, बारडोली गेली, उसाचे ट्रॅक्टर आडवे येत होते आणि गाडीत सगळे म्हणत होते, शेठ देवमाणूस हो. संध्याकाळी दाजींची राख झाली, आणि विचारण्यासारखं जे काही होतं ते त्या राखेत गेलं. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

त्यानंतर पुस्तकं बंद. ताईच्या घरात खून हा शब्द काढायची माझी छाती नव्हती. पण मध्यंतरी तीच म्हणाली, "वाच ना वं. कानाला कसं सुनं सुनं वाटतं." नवीन पुस्तक काढलं. भाच्यानं टोमणा मारला तोही याच पुस्तकावरून.

तो बाहेर गेला आणि मी पुढं वाचू लागले. सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतात तो भाग आला. पत्नीला विचारतात, डॉक्टरला विचारतात, स्वैपाकिणीलासुद्धा विचारतात, तुम्ही तेव्हा कुठं होता? ताईची कात्री थांबली. "मेलेला कोण होता गं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही. एक कंजूष म्हातारा. कुणाला आवडत नव्हता."

"तरी एवढ्यांना विचारलं?"

मी काही बोलायच्या आत तिनं मांडीवरची साडी झटकली, चपला घातल्या. "चाल."

दाजींच्या खात्यात ताईला सगळे ओळखतात. तिनं कुणाकडं पाहिलं नाही, सरळ मास्टरपुढे उभी राहिली. मास्टर म्हणजे लूम दुरुस्त करणारा, आमच्याच भागातला, दाजींच्या मातीला आलेला. लूमच्या आवाजात ताई ओरडून म्हणाली, "भाऊ, ते गेले तेव्हा मेन स्विच कोणी टाकला?"

मला वाटलं तो उडवाउडवी करील. त्यानं हातातला पाना खाली ठेवला, आम्हाला दाराबाहेर आणलं आणि म्हणाला, "मी. शेठचा फोन आला, माल निघालाच पाहिजे, लाईन चालू कर. तो मोटरपाशी वाकलेला आहे असं मी सांगितलं. शेठ म्हणाला, निघेल तो, तू टाक." त्याचे डोळे भरले होते. "हात कोरडे होते त्याचे, वहिनी."

"एवढे दिवस गप्प बसलास मेल्या?" मी किंचाळले.

"कोणी विचारलंच नाही," तो म्हणाला.

ताई त्याला म्हणाली, चौकीत चल, हेच सांग. तो दाराकडं वळला. "माझीही पोरं आहेत वहिनी. तिथं नाही सांगायचो." आणि आत गेला. मी शिव्या घातल्या, शेठला, त्याला, आमच्या हात जोडणाऱ्यांना. रस्त्यावरची माणसं बघायला लागली. ताई घरी आली आणि साडी मांडीवर ओढून घेतली.

भाच्याला तिनं सगळं सांगितलं. तो आता टाईमपास म्हणत नाही, पुस्तक उघडलं की उठून बाहेर जातो.

आम्ही मात्र वाचतो. शेवटच्या पानांवर खुनी कळतो, आणि पूर्वी माळीच असंल म्हणणारी ताई आता त्या नावाला हूं की चूं करत नाही. पुढं कुठंतरी एखादंच वाक्य असतं, पोलीस त्याला घेऊन गेले. तिथं ती कात्री खाली ठेवते.

"परत वाच," म्हणते.

मी परत वाचते.