वजन बरोबर आहे, निघा

गोरेगावच्या आरोग्य शिबिरात रांगेत माझ्यापुढे एक बाई होती. हातपाय काटकुळे, पोट मात्र पुढे आलेलं. काट्याजवळचा पोरगेला माणूस म्हणाला, "वजन बरोबर आहे, निघा."

बाई काट्यावरून उतरली नाही. "पोट काऊन नाही मोजत? माही बहीण बी अशीच होती. वजन बरोबर म्हणून तिले घरी धाडलं. पाय कापला तवा शुगर समजली."

तो हसला. "पोट तर सगळ्याच बायांचं सुटते."

तिनं टेबलावरचा टेप उचलून पोटाभोवती गुंडाळला. "वाच."

त्यानं आकडा वाचला, जास्त होता म्हणून रक्त तपासलं. साखर वाढलेलीच निघाली.

बाई आमच्याकडे वळली. "टेप लावल्याबिगर कोणी जाऊ नका."

मला माझाच संताप आला. इतका वेळ मी पोट आत ओढून उभी होते.