खंडेनवमीला बंद केलेला फ्रीज

माझा विलास पन्नाशीचा झाला, पण अजून यंत्राला नमस्कार केल्याशिवाय हात लावत नाही. भोसरीत लेथवर सव्वीस वर्षं काढली. तो कारखाना बंद पडल्यावर चाकणच्या एका औषधांच्या प्रयोगशाळेत देखभालीला लागला. तिथं आरफा मॅडम आहेत, राजगुरुनगरच्या. वयानं माझ्या नातीएवढ्या, पण विलासला त्यांचा धाक.

त्यांचं काम त्यानं मला सांगितलं ते असं. मेंदूला जपणारा प्रथिनाचा एक बारका तुकडा असतो. विसरण्याच्या दुखण्यावर तो द्यावा, तर रक्तातली पाचकं, म्हणजे प्रथिनं तोडणारी द्रव्यं, त्याला तासाभरात कुरतडून टाकतात. म्हणून मॅडम त्याचा बहुरूपी घडवतात. सोंग तेच, काम तेच, पण पाचकांच्या दातांना दाद देत नाही. माझी जाऊ सारजाबाई हल्ली मलाच विचारते, "तू कुणाची गं?" त्यामुळं हे मी कान देऊन ऐकलं.

तर खंडेनवमीला विलासनं सवयीप्रमाणं सगळी यंत्रं बंद केली, पुसली, हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. मोठा फ्रीजही त्यातच. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. त्यानंतर मॅडमनी फ्रीजचं दार उघडलं तर आतलं सगळं बर्फ वितळलेलं. साधा तुकडा आणि बहुरूपी, दोन्ही रक्तात मिसळून कुप्यांत गोठवून ठेवले होते. चार महिन्यांची मेहनत.

"काका, हा कुणी बंद केला?"

"मीच. त्या दिवशी यंत्राला इसावा द्यायचा असतो न्हवं?"

"यंत्राला दिलात, आणि माझी झोप उडवलीत!"

प्रयोगशाळेच्या साहेबांनी विलासला घरी बसवलं. कुप्या वाया गेल्या असतील तर नोकरी गेली, एवढंच बोलले. दोन दिवस पोराच्या घशाखाली घास उतरेना.

"अरे, विचारायचं तरी एखाद्याला," मी म्हटलं.

"आई, आता तू तरी गप बस."

तिसऱ्या दिवशी मॅडम स्वतःच दारात.

"काका, तपासलं. साधा तुकडा पार संपलाय. आपला बहुरूपी मात्र जसाच्या तसा!"

"मंजी?"

"म्हणजे उबेत राहूनही पाचकांना तो कुरतडता आला नाही. हे बघायला मी पुढं प्रयोग लावणारच होते. परत नीट करावा लागेल, पण कुप्या वाया गेल्या नाहीत. उद्या या कामावर. आणि फ्रीजला हार घाला, बटणाला हात लावू नका."

मी विचारलं, "मग आमच्या सारजाबाईला कधी मिळायचं औषध?"

"आजी, अजून उंदरालाही दिलेलं नाही. वर्षं लागतील. कदाचित जमणारही नाही."

खरं बोलली, म्हणून पोरगी आवडली. चहा पाजूनच सोडली.

ती गेली तसा विलास ताट ओढून बसला. पाचवी भाकरी मागितली तेव्हा मी म्हटलं, "बाबा, पीठ संपलं."

"मग भात टाक," म्हणाला.