वर केलेला हात

गणराज पैलवानाचे कान पाहून जयमालाच्या आईनं हे स्थळ नाकारायचंच ठरवलं होतं. मुलात जन्मापासूनच काही खोट आहे की काय, अशी तिला शंका. तालमीत घासून घासून पैलवानांचे कान असे चुरगळतात हे वडिलांनी समजावलं, तेव्हा कुठे सोयरीक जमली.

धाराशिवकडचा हा मुलगा चिखलीच्या तालमीत राहून कुस्ती शिकला आणि कुस्तीवरच जगला. जत्रांच्या हंगामात गावोगावचे आखाडे, एरवी मेहनत आणि खुराक. बदाम वाटून जयमालाच्या हाताला घट्टे पडले. लंगोटाला मात्र तिचा हात कधी लागला नाही. तो पैलवानानं स्वतः धुवायचा, बाईच्या हाती द्यायचा नाही, असा त्याचा नेम. दोरीच्या टोकाला, घरच्या कपड्यांपासून लांब, तो एकटाच वाळत असायचा.

मग एका कुस्तीत मानेचा मणका सरकला. पुन्हा मानेवर पडलात तर अंथरुणातून उठणार नाही, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं. गणराज चाकणच्या एका कंपनीत सिक्युरिटीला लागला. पण चिखलीचा उत्सव जवळ आला तशा त्याच्या पहाटेच्या बैठका सुरू झाल्या. शेवटची एक, म्हणाला. समोरचा जोड आधी ठरवणार नव्हता. हात वर करून आखाड्याला चक्कर मारायची. ज्याला लढायचं त्यानं उठून तो हात धरायचा.

जयमाला त्याला न सांगता तालमीच्या वस्ताद बबनरावांकडे गेली. यांचा हात कुणी धरू नये, एवढं पोरांना सांगा, म्हणाली.

वस्ताद मिशीवरून बोटं फिरवत राहिले. "सूनबाई, पैलवानाचा हात असा मोकळा फिरणं लई वंगाळ. तुला बघवंल का?"

"अंथरुणात पडले तर बघायचं मलाच आहे ना?"

शेवटी वस्तादांनी होकारार्थी मान हलवली.

उत्सवाच्या दिवशी ती बायकांच्या बाजूला बसली होती. गणराजनं कपाळाला माती लावली आणि उजवा हात वर केला. हलगी कडाडली. निरंजन उठला, तशी ती खुर्चीत पुढे सरकली. हा तरणाबांड पैलवान गणराजच्याच हाताखाली तयार झालेला. निरंजन वाकला, गणराजच्या पाया पडला आणि जागेवर जाऊन बसला. मग दुसरा, मग तिसरा. लोकांना ते फार आवडलं, टाळ्या पडल्या. गणराज फिरतच राहिला. वर केलेला हात कोपरात वाकायला लागला. कुणीतरी धरा रे तो हात, असं जयमालाच्या अगदी ओठांवर आलं. तिनं खुर्चीचा दांडा घट्ट धरला. शेवटी बबनराव स्वतः उठले. त्यांनी तो हात खाली घेतला आणि गणराजला फेटा बांधला.

घरी येऊन तो पोटभर जेवला. "पोरं अजून घाबरतात मला," म्हणाला.

"घाबरणारच की," ती ताट उचलत म्हणाली. त्याच्याकडे बघायचं तिनं टाळलं.

सकाळी तो शिफ्टला गेल्यावर तिनं धुण्याची बादली पुढे ओढली. त्याच्या युनिफॉर्मच्या शर्टाखाली, मातीनं लाल झालेला, लंगोट होता.

तिनं तो वेगळा काढला. मग साबण घेतला आणि लंगोट हलक्या हातानं धुतला. दोरीवर तिनं तो आपल्या साडीशेजारी वाळत घातला.