सोनारीतला मलिदा

बाबा गेल्यापासून मी देवाशी अबोला धरला होता. भांडण म्हणावं तर भांडायला निदान समोर कुणी आहे असं मानावं लागतं, आणि मला तेही नक्की वाटेनासं झालं होतं. आम्ही बेने इस्राएली, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठी यहुदी. घरात मराठी, गावावरून पडलेलं आडनाव, बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र आणि शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा. आमच्यात नवस बोलतात तो एलियाहू हन्नाबीला, म्हणजे एलिया पैगंबराला, आणि नवस फळला की त्याच्या नावानं मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, भोवती फळं आणि वर सब्जाची डहाळी. बाबांच्या आजारपणात मीही नवस बोलले होते. बाबा राहिले नाहीत. मग कसला मलिदा आणि कसली प्रार्थना! दिवा लावणंसुद्धा सुटलं. आणि मजा अशी की नेमकी त्याच काळात मी पटकथा लिहीत होते ती आमच्याच लोकांची.

धंद्यानं मी मालिका लिहिणारी. सुनांना रडवून आणि सासवांना जिन्यावरून पाडून माझं घर चाललं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ही एक गोष्ट मनापासूनची होती. बाबा जनावरांचे डॉक्टर. माझ्या लहानपणी त्यांची बदली परंड्याला झाली होती आणि तालुक्यात यहुदी म्हणावं असं आमचं एकच घर. खरं तर मलिद्याला आपली माणसं जमवायची असतात, दहा पुरुष असले तर उत्तम. तिथं ते कुठून आणणार? बाबा मग शेजारपाजाऱ्यांना बोलवायचे. कुणाची म्हैस बाबांनी वाचवलेली असायची, कुणाचा बैल. सगळे सतरंजीवर मांडी घालून बसत, बाबा हिब्रूत प्रार्थना म्हणत आणि कळो न कळो, लोक हात जोडत. चित्रपट मी त्या एका प्रसंगासाठी लिहिला. वाचनाच्या वेळी निर्मात्यांनी विचारलं होतं, "पण यात घडतं काय?" एक माणूस देवाचं नाव घेतो आणि गोड वाटतो, एवढंच तर घडतं.

चित्रण परंड्याजवळच्या सोनारीला ठेवलं होतं. काळभैरवाच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नूरजहाँभाभींचं पत्र्याचं, पुढे ओटा असलेलं घर आम्हाला मिळालं. अगदी आमच्या जुन्या सरकारी क्वार्टरसारखं. पहिल्याच दिवशी कपडेपटवाल्यांनी बाबांच्या भूमिकेसाठी काळी उंच हॅट आणि छातीपर्यंत लोंबणारी दाढी काढली. मी म्हटलं, अहो, हा माणूस परंड्यात म्हशींना इंजेक्शन देत होता, एवढी दाढी म्हशीनंच खाल्ली असती! मग पांढरी टोपी आणि सुती पायजमा यांवर तडजोड झाली. दिग्दर्शिका मुक्ता माझ्याहून वीस-एक वर्षांनी लहान, हुशार आणि हट्टी. मला ताई म्हणते आणि ऐकत मात्र काही नाही. पण आमचं छान जमत होतं. मलिद्याच्या दिवशी मात्र गाडी अडली.

त्याचं कारण सांगते. प्रत्येक फळावर म्हणायची एक छोटी प्रार्थना असते, तिला आम्ही बराखा म्हणतो. तिच्यात देवाचं नाव येतं, आणि आमच्यात ते नाव उगाच तोंडात घालायचं नसतं. मुलांना शिकवताना किंवा सराव करताना नावाच्या जागी 'हाशेम', म्हणजे नुसतं 'ते नाव', असं म्हणतात. मी संहितेत तसंच लिहिलं होतं. मुक्ताच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, "ताई, घरात मलिदा करणारा माणूस सरावाचा शब्द का म्हणेल? जाणकार प्रेक्षक हसतील. खरे शब्द द्या. नाहीतर मी प्रार्थनाच काढते, नुसतं ताट दाखवून पुढं जाऊ." तिचं चुकत नव्हतं. पण पुढ्यातलं ताट मी बघत होते. फळं चकाकावीत म्हणून कलाविभागानं त्यांवर ग्लिसरीन फवारलेलं. खायची सोय नाही, आणि खायची परवानगीही नाही, कारण प्रत्येक टेकला ताट तसंच दिसलं पाहिजे. सोनारीत माकडं फार, म्हणून ताटाशेजारी एक माणूस काठी घेऊन उभा. अशा ताटावर बाबांचं काम करणारा नट देवाचं नाव घेणार, एकदा नाही, हवा तसा सूर लागेपर्यंत पुन्हा पुन्हा. जेवणाच्या सुट्टीनंतर सांगते, असं मी मुक्ताला म्हटलं.

ती सुट्टी मी कधी विसरणार नाही. ज्या देवाशी मी बोलत नव्हते त्याच्या नावाला जपायचं मला काय पडलं होतं? हो म्हणावं आणि मोकळं व्हावं. पण जीभ उचलत नव्हती. नाही म्हटलं तर बाबांचा प्रसंग जाणार, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तोच. हो म्हटलं तर बाबा ज्या नावापुढे आवाज खाली आणायचे ते मी बाजारात मांडणार. नूरजहाँभाभींनी भाकरी पुढ्यात ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "क्या हुआ बाजी? जेवन गोड न्हाय लागलं का?" मला एकदम रडू आलं. त्यांनी पाण्याचा तांब्या जवळ सरकवला. मी मनात म्हटलं, माझ्याच्यानं हे सुटत नाही. ज्याचं नाव आहे त्यानंच बघावं. याला प्रार्थना म्हणायची झाली तर म्हणा, माझ्या हिशेबी ती चिडचिड होती.

सुट्टीनंतर मुक्ता म्हणाली, तुमचं ठरेपर्यंत 'हाशेम' म्हणून तालीम तरी करू. नटानं टोपी नीट केली, शेजाऱ्यांचं काम करणारी गावातली माणसं सतरंजीवर बसली आणि प्रार्थना सुरू झाली. इतक्यात ओट्यावरून एक म्हातारी आत आली. हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा, हातात पिशवी. ती थेट पुढे गेली, ताटाजवळ जागा करून बसली आणि डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. कुणीतरी लगबगीनं म्हणालं, "आजी, हितं शूटिंग चालूय."

"चालू द्या की," म्हातारी म्हणाली. "म्या काय अडवलं व्हय? आमी जळकोटचे. आमची मानसं म्होरं देवळाकडं गेली, माझं पाय चालंनात. देवाचं नाव कानावर आलं म्हून आत आले. परसाद घिऊनच जाते."

सगळे हसले. तिला उठवावं का, असं मुक्तानं मला डोळ्यांनी विचारलं. मी मानेनं नको म्हटलं, का ते मलाही ठाऊक नव्हतं. नटानं प्रार्थना पुरी केली आणि तालीम थांबली. म्हातारीनं हात पुढे केला. कुणी काही देईना. ती हात तसाच धरून बसली आणि नटाकडे बघून अगदी साधेपणानं म्हणाली, "झालं न्हवं नाव घिऊन? मग वाटा की."

त्या रिकाम्या हाताकडे बघताना मला बाबांचा हात आठवला. बराखा म्हणायच्या आधीच ते प्रत्येकाच्या हातावर केळ्याची फोड ठेवायचे आणि शेवटचा शब्द संपताक्षणी, मध्ये एक अक्षरही न बोलता, ती तोंडात टाकायला लावायचे. म्हणायचे, नाव घेतलं आणि खाल्लं नाही तर ते नाव फुकट गेलं. खाल्लं तर नाही. मी हे पटकथेत लिहिलंही होतं, मूर्खासारखं फक्त 'सगळे प्रसाद घेतात' असं. लिहिणारीला अर्थ कळला नव्हता. मी मुक्ताला म्हटलं, "खरे शब्द घे. पण ताट खरं हवं आणि प्रत्येकानं खरंच खायचं. सरावाला 'हाशेम' म्हणा, आणि नावानिशी एकदाच. दुसरा टेक नाही."

एवढ्या माणसांचा प्रसंग एका दमात घेणं म्हणजे जुगारच. तरी मुक्तानं कॅमेरामनला हाक मारली. ग्लिसरीनची फळं मागच्या दारी गेली आणि माकडांनाही ती आवडली नाहीत. नूरजहाँभाभींनी पोहे धुऊन भिजवले, नारळ खवला. मी गूळ चिरला. किती दिवसांनी माझ्या हाताला वेलचीचा वास लागला होता! सब्जाची डहाळी काही मिळेना, तर भाभींनी अंगणातली तुळस दिली. वास येणारं पान हवं, एवढंच तर असतं. म्हातारी तोवर तिथंच बसून होती, मुक्तानं तिला शेजाऱ्यांत धरून टाकलं होतं.

टेक झाला. त्याचं वर्णन मला नीट करता येणार नाही, कारण मी कॅमेऱ्याला जोडलेल्या छोट्या पडद्यावर बघायला बसले होते आणि बघितलंच नाही. नटानं नाव घेतलं तसा त्याचा आवाज आपोआप खाली आला, हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं. माझ्या तोंडून "आमेन" निघालं आणि भाभींनी हातावर ठेवलेली केळ्याची फोड मी खाल्ली. मग पोहे खाल्ले. रडतही होते आणि खातही होते. मुक्ता "कट" म्हणायला विसरली.

आमच्यात मानतात की मलिद्याला एलिया पैगंबर येतो आणि कुणाच्याही रूपात येतो. मी काही दावा करत नाही. जळकोटची एक दमलेली म्हातारी होती, तिला भूकही लागली असेल. थोड्या वेळानं तिची माणसं शोधत आली आणि तिला रागे भरली. मला एवढंच कळतं की मी हातपाय गाळून बसले होते आणि वाट मला काढावी लागली नाही, ती दारातून आत आली. तो प्रसंग चित्रपटात राहील की संकलनात कापला जाईल, मला माहीत नाही. मी विचारतही नाही. परवाच्या शुक्रवारी मी दिवा लावला.

निघताना म्हातारीनं पदराच्या टोकात मलिदा बांधून घेतला आणि मला विचारलं, "कंचा नवस फळला म्हनायचा, माय?"

"फळला नाही, आजी. वडलांसाठी बोलले होते. ते गेले."

ती थांबली. "मग हे गोड कशाचं?"

तोंडातून आलं ते मीही पहिल्यांदाच ऐकलं. "ते होते ना, आजी. त्याचं."

म्हातारीनं मान हलवली आणि पदराची गाठ पुन्हा सोडली.

"मग अजून एक मूठ घाल की," ती म्हणाली.